खांदेकरी

"आप्पा, खरा अनुभव सांगा. पुस्तकातलं नको," मुलगी माया फोनवर म्हणाली, तेव्हा सोपान दाराच्या पायरीवर येऊन बसला.

मायाला ऑस्ट्रेलियात, मेलबर्नला जाऊन अकरा वर्षं झाली होती. तिथं नागरिकांचे हक्क आपल्यासारखे राज्यघटनेत एके जागी लिहिलेले नाहीत. ते लिहावेत की नकोत, यावर तिच्या भागातल्या सभागृहात शनिवारी सभा होती आणि ती बोलणार होती. माणसं भली असली की कागद कशाला, असं म्हणणारे तिथं बरेच होते. त्यांना ती आईची गोष्ट सांगणार होती. हक्क होता म्हणून आईला स्मशानातली शेड मिळाली, एवढंच तिला ठाऊक होतं. सोपानने तेवढंच सांगितलं होतं.

फलटणच्या कोर्टात बेलिफ म्हणून नोकरी करून सोपान निवृत्त झाला आणि बायको मुक्ताबाईला घेऊन गावच्या बौद्ध वस्तीत राहायला आला. चार वर्षांपूर्वी मुक्ताबाई गेली, तेव्हा तीन दिवस झड लागली होती. वस्तीची दहनाची जागा ओढ्याकाठी. तिथं गुडघाभर पाणी. पत्र्याची शेड होती ती गावाची, आणि गावातल्या काहीजणांनी तिला कुलूप घातलं. सोपानने तहसीलला फोन लावला, घटनेतलं अस्पृश्यताबंदीचं कलम सांगितलं. दोन तासांत जीप आली. कुलूप निघालं.

"मग वस्तीतलं स्मशानात कोण कोण आलं होतं?" मायाने विचारलं.

दोन-चार नावं खोटीच घेता आली असती.

"कुणीच न्हाई, माया."

वस्तीतल्या माणसांना दुसऱ्या दिवशी त्याच लोकांच्या उसात भांगलायला जायचं होतं. ती दारापर्यंत आली, रडली आणि तिथूनच मागं फिरली. सोपानच्या मनात त्यांच्याबद्दल राग नव्हता. मुक्ताबाईला खांदा दिला तो जीपबरोबर आलेल्या तलाठ्याने, पोलीस शिपायाने आणि ड्रायव्हरने. चौथा सोपान.

सोपानने ते सगळं मायाला सांगितलं.

"मला का नाही सांगितलं?"

"तू तितं एकटी. त्यात ह्ये कशाला?"

"मग सभेत काय सांगू? लिहावं की न लिहावं?"

"लिवावं," सोपान म्हणाला. "कागद नसता तर ते तिघंबी आलं नसतं."

मायाने त्या तिघांची नावं विचारली. सोपानला सांगता येईनात. त्या दिवशी त्याने विचारलीच नव्हती, आणि नंतर तिघांचीही बदली झाल्याचं कानावर आलं होतं.

सोमवारी धुतलेला सदरा घालून तो एसटीने फलटणला गेला. तहसील कचेरीत संयोगिता नावाची तरुण कारकून होती. काय तक्रार आहे, असं तिने विचारलं.

"तक्रार न्हाई, बाई. तिगांची नावं पायजेत."

"कशासाठी, काका?"

त्याला नीट सांगता येईना. तिने घाई केली नाही. कोरा कागद पुढं केला, अर्ज लिहून द्या, जुन्या नोंदीत शोधते म्हणाली.

सोपान व्हरांड्यातल्या बाकावर बसला. तारीख घातली. 'मा. तहसीलदार साहेब' लिहिलं. खाली 'विषय' लिहून पुढं दोन टिंबं दिली आणि पेन थांबलं. कोर्टात एवढे अर्ज पाहिले होते, खांदा दिल्याबद्दलचा एकही नव्हता.

जेवणाची सुट्टी झाली. माणसं डबे घेऊन झाडाखाली गेली. व्हरांडा रिकामा झाला. कागद वाऱ्यानं उडू नये म्हणून सोपानने त्यावर तळहात ठेवला होता.