मास्तरांच्या कोपराजवळचा खटका

मित्रांनो, माझे जीवनवृत्त आणि एका बोलक्या डब्याविषयी माझ्या मनात साचलेला संताप, या दोन्ही गोष्टी मी आज आपणांसमोर यथाक्रम निवेदन करणार आहे.

मी विजेचा एक जुना खटका आहे. काळा, गोल, वाटाण्याएवढ्या नाकाचा. शिवणकाम करणाऱ्या मास्तरांच्या पुढच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलामागे, नेमकी त्यांच्या कोपराच्या उंचीवर माझी स्थापना झाली. कारण मास्तरांचे दोन्ही हात कापडात आणि तोंड टाचण्यांनी भरलेले असे. कोपर लागताच मी इस्त्री चालू करी. पुन्हा लागताच बंद. एकतीस वर्षांत एक कापड करपले नाही. "माझा खटक्या कधी उलट बोलत नाही," असे मास्तर कौतुकाने म्हणत.

पुढे त्यांच्या चिरंजीवांनी तो डबा आणला. दिवे, पंखा, इस्त्री, सारे त्याच्या स्वाधीन झाले. माझ्या तारा तोडण्यात आल्या. भिंतीतले भोक दिसू नये, एवढ्यासाठी मला ठेवले.

"बाबा, आता नुसतं बोलायचं."

"टाचण्यांसकट?"

"त्या काढायच्या ना तोंडातून!"

"काढतो. मग कोट काय तुझा डबा शिवेल?"

तो कोट मास्तरांच्या लेकीचा होता. दुसऱ्या दिवशी ती प्रथमच नोकरीवर जाणार होती. कॉलरची घडी बसावी म्हणून मास्तरांनी बंद इस्त्री त्या घडीवर वजनाला ठेवली आणि शेजारीच उभे राहून ते दुसरे कापड टाचू लागले. इतक्यात आतून चिरंजीव डब्याला म्हणाले, "सगळं चालू कर."

दिवे लागले, पंखा फिरला आणि इस्त्रीही तापली. धूर दिसताच मास्तरांनी सवयीने मला कोपर मारला. मित्रांनो, मी खट्ट वाजलो. केवळ वाजलो.

"अंद! अंद!" मास्तर टाचण्यांतून ओरडले. त्यांना 'बंद' म्हणायचे होते.

"चंद्र हा पृथ्वीचा नैसर्गिक उपग्रह आहे," डबा मधुर वाणीने वदला.

टाचण्या थुंकून इस्त्री उचलेपर्यंत कॉलरवर तपकिरी त्रिकोण उमटला होता. लेक दारातच थबकली.

"बाबा, हा आता चंद्रावरच घालून जाते," ती म्हणाली आणि तिला रडू फुटले.

तसले कापड शिल्लक नव्हते. मास्तरांनी खुंटीवरचा स्वतःचा कोट काढला, त्याची कॉलर उसवली आणि लेकीच्या कोटाला बेतली. ते पाहून चिरंजीवांनी पेचकस आणला व माझ्या तारा जोडल्या. नवी कॉलर मास्तरांनी माझ्याच भरवशावर इस्त्री केली.

डब्याला मी क्षमा केलेली नाही. करणारही नाही. त्या बहिऱ्या बडबड्यापायी कोणाच्या कोपराजवळचा खटका कृपा करून काढू नका.

आपण मला मध्येच चंद्र न सांगता ऐकून घेतलेत, याबद्दल आभारी आहे.

आपला,
खटक्या