खेकड्याचा तुटलेला पाय

मी चित्रं छापायचा एक जुना लाकडी ठसा आहे. माझ्यासारख्या म्हाताऱ्याने शांतपणे चार गोष्टी सांगाव्यात, अशी तुमची अपेक्षा असेल. पण मित्रांनो, मी भयंकर चिडलो आहे. तेव्हा गोडगोड बोलणं आज जमणार नाही.

आधी मी एका मोडक्या दाराची फळी होतो. जळणातच जायचो. ठसे कोरून चित्रं छापणाऱ्या आमच्या बाईंनी मला उचललं, ओल्या फडक्याने पुसलं आणि माझ्या अंगावरच्या रेषांवरून बोट फिरवलं. त्यांना त्यात लाटा दिसल्या. मग रोज ओहोटीला त्या खडकांत जाऊन बसायच्या, साचलेल्या पाण्यात डोकावायच्या आणि ओल्या चपलांनी परत येऊन मला कोरायच्या. लाटा, शेवाळ, शिंपले आणि कोपऱ्यात एक खेकडा. सगळं उलटं कोरायचं, म्हणजे कागदावर सुलटं उमटतं. खेकड्याचा एकेक पाय कोरताना बाई श्वास रोखून धरायच्या. मीही गप पडून राहायचो. नाहीतरी दुसरं काय करणार होतो म्हणा!

चित्र लोकांनी डोक्यावर घेतलं. बाईंनी ठरवल्या तेवढ्याच प्रती काढल्या, प्रत्येकीवर पेन्सिलने सही केली आणि घेणाऱ्यांना शब्द दिला की यापुढे एकही निघणार नाही. आमच्या कामात रीत अशी, की शब्द दिला की ठशावर चीर मारून टाकायची, म्हणजे कुणाला पुन्हा छापताच येत नाही. बाईंच्या नेहमीच्या फ्रेमवाल्याने तसं सुचवलंही. पण बाईंचा हात धजावला नाही. घरातच तर आहे, कोण हात लावणार, असं म्हणून त्यांनी मला मऊ कापडात गुंडाळून कपाटात ठेवलं.

कोण हात लावणार! अहो, घरचाच लावणार. बाई बहिणीकडे राहायला गेल्या आणि त्यांच्या चिरंजिवांनी कपाट उघडलं. घाईघाईत मला फरशीवर आपटलं. खेकड्याचा एक पाय तुटून उडाला, पण त्या आंधळ्याला दिसेल तर शपथ. भसाभस शाई फासली, प्रती काढल्या, खाली आईची सही ठोकली आणि विकून मोकळा झाला. मी बोंब मारली असती, पण लाकडाला तोंड कुठे असतं?

पुढे फ्रेमवाला एक चित्र घेऊन आला. कुणी नवं गिऱ्हाईक त्याच्याकडे फ्रेमसाठी देऊन गेलं होतं.

"बाई, तुमच्या खेकड्याचा एक पाय कुठे गेला?" त्याने विचारलं.

बाईंनी चित्र पाहिलं, खालची सही पाहिली. मग मला बाहेर काढून बरोबर त्या जागी बोट ठेवलं. तिथला टवका उडालेला होता.

चिरंजिवांनी काही नाकारलं नाही. उलट आईचीच समजूत घालायला लागला. चित्र तुझंच, लाकूड तुझंच, चार जास्त निघाली तर कुणाचं काय गेलं, म्हणे.

"माझा शब्द गेला," बाई म्हणाल्या.

आणि त्यांनी हत्यार घेऊन माझ्या छातीवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत चीर मारली. चोर सोडून संन्याशाला फाशी! लाटा फाटल्या, खेकडा दुभंगला. सांगा मित्रांनो, माझा काय गुन्हा होता? बाईंचाही मला राग आला, अजून आहे. इतकी वर्षं मायेने फिरलेला तो हात होता हो.

मग बाईंनी मला शेवटची शाई लावली. चिरलेला समुद्र कागदावर उतरवला आणि तो कागद पेन्सिलीसकट लेकापुढे सरकवला.

"याच्यावर सही कर. तुझी."

चिरंजिवांनी पेन्सिल उचलली. आईची सही झरझर करणारा हात स्वतःच्या नावाच्या पहिल्या अक्षराशीच अडला. त्याने पेन्सिल परत ठेवून दिली. कागद अजून टेबलावर तसाच पडला आहे.

तेव्हा मित्रांनो, माझी धूळ पुसू नका, मला तेलपाणी करू नका, मला तुमची कीव नको. फक्त कधी दुसऱ्याचं नाव वापरायची हुक्की आली, तर आधी तिथे आपलं नाव लिहून बघा. हात चालतो का ते बघा.