‘अकरा’च्या दहा गोळ्या

“नवीन बंदूक? आणि या गोळीसाठी?” मी विचारलं आणि हसलो. आधी हसायचं आणि मग ऐकायचं, ही माझी जुनी खोड.

काउंटरच्या पलीकडे आंब्रोस हेर्गर टोपी हातात धरून उभा होता. नोव्हेंबर होता, डोंगरावरून तो आमचा गरम वारा सुटला होता आणि निम्म्या गावाचं डोकं दुखत होतं. आंब्रोसने खिशातून एक काडतूस काढून काउंटरवर उभं केलं. ते मी न बघताही ओळखलं असतं. १९११ साली सैन्याने घेतलं म्हणून आम्ही त्याला नुसतं ‘अकरा’ म्हणतो. आमच्या आजोबांनी सरहद्दीवर पहारा दिला तो याच्याच भरवशावर. पुढे सैन्याने बारीक गोळी घेतली आणि ‘अकरा’च्या बंदुका घराघरांत कपाटात जाऊन बसल्या.

“तुझी सैन्यातली कार्बाइन बंदूक आहे की. तिला काय झालं?”

“तिला काही झालं नाही. पण ती गोळीएवढी चांगली नाही.”

“म्हणजे?”

आंब्रोस बोलायला वेळ घेई. खोऱ्याच्या तोंडाशी जो काडतुसांचा कारखाना होता, तिथे त्याने छत्तीस वर्षं तपासनीस म्हणून काढली. टेबलावर गोळी यायची, ती बोटांत फिरवायची, उजेडात धरायची, बरी असेल तर पुढे सोडायची. एवढंच काम. बढती मागितली नाही, दिली तीही घेतली नाही.

“छत्तीस वर्षं मी ही पास केली, कारी,” तो म्हणाला. “पण ती खरी कशी जाते ते मी कधी पाहिलंच नाही. सैन्याच्या बंदुकीतून मारली की निम्मा दोष बंदुकीचा. आता तू त्या नेमबाजांना बनवून देतोस तशी जाड नळी, तसा दस्ता, तसं नेमाचं भिंग लाव. मग कागदावर जे उमटेल ते गोळीचं. मला एकदा बघायचंय मी काय पास करत होतो ते. गोळीत खोट नाही. बघितलंय मी.”

हे ‘बघितलंय मी’ त्याच्या प्रत्येक बोलण्याच्या शेपटाला असायचं. चीज मुरलंय, बघितलंय मी. पुलाचा कठडा सैल झालाय, बघितलंय मी. गावात पोरंसोरंही त्याची नक्कल करत.

“घाई आहे का?” मी विचारलं.

“नजर जात चाललीय. डॉक्टर म्हणतो हा हिवाळा निघेल, फार तर पुढचा उन्हाळा.” मग त्याने दाराकडे पाहिलं. “आणि कुणाला बोलू नकोस, कारी. म्हातारा खुळावला म्हणतील.”

मी हो म्हटलं. मापं घेतली, वहीत लिहून ठेवलं आणि वही मिटली. मनावर घेतलं असतं तर नाताळच्या आत बंदूक त्याच्या हातात दिली असती. पण मला स्वतःलाच ते काम खुळ्याचं वाटत होतं. नवी नळी म्हणजे पुढच्या पन्नास वर्षांची सोय. आणि ‘अकरा’ बनवणं बंद झालेलं, उरलेला साठा संपत आलेला. दुसरी कामं वर येत गेली, आंब्रोसचं खाली जात राहिलं.

फेब्रुवारीत आमच्या नेमबाज मंडळाची वार्षिक सभा झाली. गावच्या खानावळीच्या वरच्या खोलीत, नेहमीप्रमाणे बटाटे घातलेली मॅक्रोनी, सोबत सफरचंदाचा गर आणि नंतर कडक दारू घातलेली कॉफी. मंडळात वयाचा मान नाही, सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात. अध्यक्ष रेगुला गिस्लर, गावची टपालवाली. तिने विषय मांडला : मंडळासाठी तीन नव्या बंदुका घ्यायच्या आहेत. ‘अकरा’च्या घ्यायच्या की बारीक गोळीच्या?

दोन-तीन म्हातारे ‘अकरा’च्या बाजूने बोलले. तीनशे मीटरवर तिच्यासारखी सरळ जाणारी गोळी नाही, वाऱ्याला दाद देत नाही, आणि जुनी झाली म्हणून काय चांगली बंदूक तिच्या वाट्याला येऊच नये? मग रेगुला माझ्याकडे वळली.

“कारी, तू बंदूकवाला. तू सांग.”

आता मी साधं सांगू शकलो असतो. गोळी उत्तम आहे, पण पुढे मिळणार नाही, एवढ्यावर भागलं असतं. पण चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती, कॉफी चढली होती, आणि मला लोकांना हसवायला आवडतं. ही गोष्ट मला आज लिहायलाही जड जाते.

“मित्रांनो,” मी म्हणालो, “परवा माझ्याकडे एक गिऱ्हाईक आलं. म्हणे, ‘अकरा’साठी नवीकोरी बंदूक कर. मी म्हटलं, बाबा, पणजीला लग्नाचा नवा झगा शिवायचा म्हणतोस, पण नवरा कुठाय?”

हशा झाला. तिथे थांबायला हवं होतं. पण हशा झाला की मी थांबत नाही. मी मान जराशी तिरकी केली, बोटांत नसलेली गोळी उजेडात धरून फिरवली आणि आवाज घोगरा काढला. “‘पणजीत खोट नाही. बघितलंय मी!’”

खोली कोसळली. लोक टेबलं बडवायला लागले. आणि मग एकेक मान खिडकीजवळच्या टेबलाकडे वळली. मी नाव घेतलं नव्हतं, पण नाव घ्यायला ठेवलंच काय होतं?

आंब्रोसही हसत होता. म्हणजे त्याचं तोंड हसत होतं. कानापर्यंत लाल झाला होता तो.

रेगुलाने टेबलावर चमचा वाजवला. “हात वर करा. बारीक गोळीच्या बाजूने?”

हातांचं रान उभं राहिलं. त्यात आंब्रोसचाही हात होता. नीट, कोपर सरळ करून, मोजणाऱ्याला दिसेल असा. त्याने स्वतःच्या गोळीविरुद्ध मत दिलं आणि मोजणी संपेपर्यंत हात खाली घेतला नाही.

घरी येताना माझी बायको लिना पुलावर थांबली. मग म्हणाली, “लोकांना हसवायला तुला दुसरं कुणी सापडलं नाही?”

“अगं, गंमत होती. तोही हसला.”

“मी त्याच्या शेजारी बसले होते, कारी. त्याच्या हातातली बशी वाजत होती.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला गेलो तर आंब्रोस पायरीवर उभा. आत यायला तयार नव्हता.

“ते काम राहू दे,” तो म्हणाला.

“आंब्रोस, कालचं—”

“काल मतदान झालं. बहुमत झालं. बहुमताचं ऐकायचं असतं.” तो टोपी घालून चालू लागला. मी त्याच्या मागे जायला हवं होतं. रस्त्यात माणसं होती, म्हणून गेलो नाही. लाज इतकी वाटत होती की माफी मागायचीही लाज वाटली.

त्याच आठवड्यात मी नळी मागवली. इतकं नेटाने काम मी दुकान काढल्यापासून केलं नसेल. नळी त्याच गोळीच्या मापाने आतून कोरून घेतली. दस्ता अक्रोडाचा. त्याचा उजवा खांदा दुखतो म्हणून मागे रबराची जाड गादी. मे महिन्यात बंदूक कापडात गुंडाळून त्याच्या घरी गेलो.

दार उघडून तो माझ्या चेहऱ्याच्या जरा बाजूला बघत राहिला. तेव्हाच मला कळलं.

“कोण? कारी का?” तो म्हणाला. “मधलं काही दिसत नाही आता. कडेकडेचं दिसतं.”

मी बंदूक टेबलावर ठेवली. त्याने ती हातांनी पाहिली, नळीच्या टोकापासून रबरापर्यंत, फार सावकाश. मी पाठ केलेली माफी तोंडाशी आली होती.

“आंब्रोस, मी त्या दिवशी फार वाईट वागलो. तू सांगू नकोस म्हटलं होतंस.”

“हं,” तो म्हणाला. “काम सुरेख केलंयस.” मग कपाटातून त्याने पुठ्ठ्याची एक लहान पेटी काढली. निवृत्तीच्या दिवशी सोबत्यांनी दिलेली, त्याने शेवटच्या दिवशी पास केलेल्या दहा गोळ्यांची. “मला मारता येणार नाही. तू मार. तुझ्याइतका चांगला नेम गावात कुणाचा नाही.”

शनिवारी दुपारी मैदानावर गेलो. सराव चालू होता, सभेतले बरेचसे लोक होते. आम्हाला बघून बोलणी थांबली. रेगुलाने सहावी जागा दिली. आंब्रोस माझ्या चटईशेजारी स्टुलावर बसला.

“आकडा फक्त सांग,” तो म्हणाला. “बाकी काही बोलू नकोस.”

पहिली गोळी गेली. निशाणाच्या पडद्यावर दहा, म्हणजे अगदी मधोमध. दुसरी दहा, तीही पहिलीला खेटून. मी आयुष्यभर बंदुका बनवतोय आणि असं जाणारं काडतूस क्वचित पाहिलंय. पाचवीपर्यंत पाचही ठिपके एका नाण्याखाली झाकले असते. मी आकडे सांगत होतो आणि आंब्रोसचे ओठ हलत होते. सहावीही तिथेच. मागे लोक गोळा झालेले मला जाणवत होते.

सातवी भरली. श्वास धरला. आणि मागे कुणीतरी हसलं. कशाला हसलं देव जाणे, सॉसेजच्या टपरीवर काही झालं असेल. पण मला ती खोली दिसली, त्या वळलेल्या माना दिसल्या, आणि माझ्या बोटाने हळू दाबायचा चाप हिसक्याने खेचला. खेचतानाच मला कळलं होतं.

“सांग,” आंब्रोस म्हणाला.

“सहा.”

“कुठे?”

“खाली डावीकडे.”

उरलेल्या तीन मी जीव ओतून मारल्या. दहा, दहा, दहा.

मी कानातले बोळे काढले आणि त्याच्याकडे वळलो. “आंब्रोस, ऐक. नऊ गोळ्या एका भोकात आहेत. अशी गोळी मी पाहिलेली नाही. आणि सातवी माझी चूक. चाप मी खेचला. मागे कुणीतरी हसलं आणि माझं बोट हललं.”

आंब्रोसने माझ्या खांद्याच्या दिशेने पाहिलं. त्याच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

“छान सांगतोस तू,” तो म्हणाला. “सभेतही छानच सांगितलं होतंस.”

“अरे, शपथेवर सांगतो! रेगुला, तू सांग ना याला, मी खेचला!”

रेगुलाने माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. “मला कसं कळणार, कारी?” ती म्हणाली. “चाप तुझ्या बोटाखाली होता.”

“गावातला सगळ्यात चांगला नेमबाज,” आंब्रोस मला समजावल्यासारखं म्हणाला, “सहा वेळा दहा मारतो, पुढे तीनदा दहा मारतो, आणि मधेच चुकतो? असू दे. मला बरं वाटावं म्हणून बोलतोयस, कळतंय मला. पण दहात एक वाईट निघाली की कारखान्यात आम्ही अख्खा साठा परत पाठवायचो.”

“आंब्रोस, ती गोळी चांगली होती.”

“मलाही तसंच वाटायचं.”

आणखी दहा असत्या तर मी त्याला दाखवून दिलं असतं. पण पेटी रिकामी होती.

तो गुडघ्यावर बसून चटईवर चाचपडत पुंगळ्या गोळा करायला लागला. मी मदतीला वाकलो, तर त्याने हाताने थांबवलं. मग त्याने विचारलं, “सातवी कुठली?”

मी क्रमाने मांडून ठेवल्या होत्या, ही आमची सवय. मी ती त्याच्या तळव्यावर ठेवली, अजून कोमट होती. बाकीच्या नऊ त्याने मंडळाच्या पितळेच्या बादलीत टाकल्या, कारण पुंगळ्या मंडळाच्या, हा नियम आहे. मग तो रेगुला उभी होती तिकडे वळला आणि त्याने टोपी काढली.

“ही एक मी घरी नेली तर चालेल का?” त्याने विचारलं.