आधी ‘हो’ म्हणणारा ड्रायव्हर

सुरैय्याला लुबनाचा हेवा वाटे, आणि तो ती स्वतःपासूनही लपवत नसे. अमरावतीत इनायतुल्लाभाईंच्या कंपनीत संगणकाला जोडायचे वजनकाटे बनत. काट्याचं म्हणणं संगणकाला समजावणारे ड्रायव्हर इतकी वर्षं एकट्या सुरैय्याने लिहिले. मग कालपरवा आलेल्या लुबनाने नव्या काट्याचा लिहिला आणि भाईंच्या तोंडी दिवसभर तिचंच नाव! अकोल्याला नवं ऑफिस उघडणार होतं. ते सांभाळायला दोघींपैकी एकच जाणार होती.

अशात अकोटच्या एका कापसाच्या जिनिंगमधून तक्रार आली. तिथे नवा काटा चाकांवर; रुईच्या गाठी असतील तिकडे ढकलत न्यायचा, त्यामुळे केबल घडीघडी काढावी लागे. संगणक सुरू करताना वजन दिसे, पण केबल काढून परत लावली की शून्य. फसली पोरगी, म्हणून सुरैय्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. भाईंनी दोघींना अकोटला पाठवलं, तेव्हा एसटीत ती चक्क गुणगुणत होती.

जिनिंगमध्ये लुबना केबल काढून-लावून कर्नलचे, म्हणजे संगणकाचा कारभार पाहणाऱ्या मूळ प्रणालीचे, संदेश वाचत बसली. सुरैय्या मागे हाताची घडी घालून उभी राहिली.

“आपा, पाहा ना,” लुबना हळूच म्हणाली. “केबल लागली का कर्नल इचारते, हे कोनाचं? तं जुना ड्रायव्हर माह्या आंधी हो म्हनते अन् काटा धरून बसते. संगणक सुरू करताना माही स्क्रिप्ट काटा त्याच्याकून ओढून घेते, म्हून तवा चालते.”

जुना ड्रायव्हर सुरैय्याचा होता. काट्यात ठरावीक चिप दिसली की काटा आपलाच, असं तिनेच त्यात लिहून ठेवलं होतं, आणि नव्या काट्यातही तीच चिप होती. या कंपनीत आणखी कोणी ड्रायव्हर लिहील, हे तेव्हा तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिचं तोंड एवढंसं झालं.

तेवढ्यात भाईंचा फोन आला. लुबनाने तो स्पीकरवर घेतला. “सापडलं भाई. आपानं पकडलं.”

“मले मालूम होतं! सुरैय्या, अकोला तूच सांभाळ.”

लुबना तिच्याकडे बघून हसली. हुशार तर होतीच, वर मनानेही मोठी! सुरैय्याच्या अंगाचा तिळपापड झाला. हवं ते मिळालं होतं, पण या पोरीच्या हातून.

“नाई भाई,” ती जवळजवळ ओरडलीच. “चूक माही होती. पकडली लुबनानं. अकोला तिलेच द्या.”

फोन बंद झाला. लुबनाचे डोळे भरून आले.

“आपा, केवढं मोठं दिल आहे तुमचं!”

जळफळाट झाला म्हणून खरं बोलले, हे आता सांगायचीही सोय उरली नाही. सुरैय्याने दातओठ खात खुर्ची ओढली आणि त्या संगणकावरून आपला ड्रायव्हर आपल्याच हाताने काढून टाकला. केबल लावताच वजन आलं.