शिंप्याच्या पायातलं विष

चाळीस टप आणि त्यांत एकोणऐंशी पाय. वीस मिनिटांत सगळ्या टपांतलं पाणी काळ्या चहासारखं झालं आणि हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला.

"निघालं! विष निघालं!" मीठगुरू गरजले. "हे साधं मीठ नव्हे, सात वेळा भाजलेलं! भाजलं की त्यातला खोडसाळपणा जळतो, गुण तेवढा उरतो! रोज चमचाभर पोटात, आठवड्यातून एकदा पायाला. रक्तदाबाच्या गोळ्या? फेका!"

म्हातारा शिंपी टाळ्या वाजवत नव्हता. डाव्या पायाच्या अंगठ्याला पट्टी होती म्हणून त्याने आज फक्त उजवा पाय बुडवला होता. पाणी झकास तपकिरी झालं होतं. अडचण एवढीच, की उजवा पाय गुडघ्याखाली प्लॅस्टिकचा होता.

हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पाऊल हुबेहूब कातडीच्या रंगाचं होतं आणि वरचं झाकेल अशा पँटी तो स्वतःच बेतायचा. बायकोला माहीत होतं. ती गेल्यावर गुपित सांभाळायला तो एकटाच उरला.

"काका, झोप लागली का?" गुरूंनी खांद्यावर हात ठेवला.

हा प्रश्न त्याला जगात फक्त इथे विचारला जायचा. "लागली," तो म्हणाला. प्लॅस्टिकचं विष निघालं तर निघालं, बोलून हा खांद्यावरचा हात कशाला घालवा?

तेवढ्यात शेजारच्या, पाय सुजलेल्या बाईंनी पर्समधल्या गोळ्या कचऱ्याच्या डब्यावर धरल्या.

"बाई, थांबा!"

"का हो? तुम्हाला गुण नाही आला?"

"आला ना. ज्यात रक्तच नाही त्यालाही आला." त्याने पँट वर ओढली आणि पायावर टिचकी मारली. टक टक.

एकोणचाळीस माना वळल्या.

"प्लॅस्टिकसुद्धा हवेतलं विष शोषतं!" गुरू म्हणाले.

"मग आता कुणीच पाय घालू नका," शिंपी म्हणाला. नवं पाणी, तेच मीठ, टपाचं बटण चालू. चाळीस माणसं पाण्याकडे टक लावून बसली. पाणी तपकिरी झालं.

बाईंनी टप उपडा केला. तळाशी दोन लोखंडी पट्ट्या, त्यांना वायरी, वायरी खुर्चीखालच्या बॅटरीला.

"खाऱ्या पाण्यातून वीज गेली, लोखंड गंजलं," त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या. "तीस वर्षं हाच प्रयोग मी सातवीला शिकवला, आणि आज त्यातच पाय घालून बसले!"

पुढच्या आठवड्यात हॉलला कुलूप होतं. शिंपी तरी गेला. दारात आणखी सहा जण उभे होते, प्रत्येक जण म्हणे सहज इकडून चालला होता. गोळ्या चालू करून बाईही आल्या होत्या.

"मीठ भाजा, तळा, नाहीतर त्याला अंगाई म्हणा," त्या म्हणाल्या, "ते मीठच राहतं आणि रक्तदाब चढवतं. गोळीचं डॉक्टरांना विचारा. आणि चमत्कार दिसला, की आधी आपला पाय बाहेर काढून बघा."

सगळ्यांनी माना हलवल्या. मग कुलूपबंद दारासमोर बराच वेळ उभे राहिले. घरी जायची कुणालाच घाई नव्हती.