पिवळी टोपी

चौथीतल्या एका मुलीचे बाबा साबणाच्या कारखान्यात वड्यांना कागद गुंडाळणाऱ्या यंत्रावर होते. तिथे नव्या व्यवस्थापकांनी एक नियम काढला होता. ज्याचं काम सगळ्यांत मागे राहील, त्यानं पुढचा आठवडाभर पिवळी टोपी घालायची, बाकीच्यांच्या पांढऱ्या. त्यानं माणसाला चेव येतो म्हणे.

बाबांच्या डोक्यावर ती टोपी जणू मुक्कामालाच आली होती. त्यांच्या यंत्राचा पट्टा सैल झाला होता, तो घसरला की काम अडायचं. सांगून सांगून त्यांची जीभ झिजली. व्यवस्थापक साहेबांचं उत्तर ठरलेलं, पट्ट्याकडे नको, हाताकडे बघा. शेजारच्या यंत्रावरचे काका त्यांना 'सूर्यफूल' म्हणून चिडवायचे. घरी मात्र बाबांनी टोपीबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

आणि नेमकी मुलीचीच शाळा कारखाना बघायला येणार असं कळलं. बाबांनी त्या दिवसाची रजा मागितली, ती मिळाली नाही.

मुलांची रांग आत आली. मुलीनं बाबांना लांबूनच ओळखलं. रांग यंत्राजवळ आली तेव्हा, तुझ्या बाबांची एकट्यांचीच टोपी पिवळी कशी, असं मैत्रिणीनं विचारलं, तर ती म्हणाली, ते इथले मुख्य असतील. बाबांनी नुसती मान डोलावली. काका त्या दिवशी हसले नाहीत. खाली बघून उगाच वड्या सारख्या करत राहिले.

साहेबांना मात्र गंमत वाटली. त्यांनी बाबांची टोपी उचलून मुलीच्या डोक्यावर ठेवली.

"घे, आता तू मुख्य. चला, फोटो काढू."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी झडप घालून टोपी ओढून घेतली. त्या ओढीत मुलीच्या वेणीची रिबीन सुटली.

"थोडा वेळ पण नाही द्यायची मला?" तिचे डोळे भरले होते.

बाबांची कानशिलं तापली. ते तिच्यासमोर गुडघ्यावर बसले.

"मी मुख्य नाही गं बाळा. ज्याचं काम सगळ्यांत मागे, त्याला ही घालतात. तुझ्या डोक्यावर नको."

बाईंनी हलक्या आवाजात मुलांना पुढे नेलं. मुलगी तिथेच थांबली. मग पाठ वळवून म्हणाली, "रिबीन बांधा ना, बाबा."

मागून साहेबांचा आवाज आला, यंत्र थांबलंय तुमचं. बाबा रिबीन बांधत राहिले, गाठ बसेना. मुलगी हलली नाही.