शून्याला चिकटलेला आकडा

“काका, हा पेशंट काय अंगातच औषध तयार करतो का?” डॉक्टरीणबाईंनी कागद टेबलावर आपटला.

आकडेकाकांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. इस्पितळाच्या तळघरात तेवीस वर्षं त्यांचं एकच काम होतं. औषध दिल्यावर रुग्णाचं रक्त तीनदा घेतलं जाई. त्या तीन आकड्यांवर उतरती रेषा बसवायची आणि औषध किती वेगानं उतरतंय ते वर कळवायचं. त्यावरून पुढचा डोस ठरे. आज नऊ नंबरच्या खाटेवरच्या बसचालकाचा वेग उणे आला होता. म्हणजे औषध उतरत नव्हतं, आपोआप वाढत होतं!

“काल मशीन बदललं ना,” काका वैतागून म्हणाले, “माझा प्रोग्रॅम उडवला लेकाच्यांनी. मूळ प्रत टाकलीय. तिच्यात माझी अट नाही.”

त्या अटीचा काकांना कोण अभिमान! अकरा वर्षांपूर्वी असाच एक उणे आकडा वर गेला आणि मोठ्या साहेबांनी भर बैठकीत काकांची अब्रू काढली. तेव्हा काकांनी दोन रविवार घालवून समीकरणातच पाचर मारली. वेग थेट शोधायचाच नाही, त्याचा लॉगॅरिदम शोधायचा. तो उलटा फिरवला की उत्तर धनच येणार, रक्त काही का म्हणेना. त्यानंतर काकांना कुणी हसलं नाही.

“मग घाला ना ती अट. त्याचा ताप हटत नाहीये, मला राउंडच्या आधी आकडा हवाय.”

काकांनी प्रोग्रॅममध्ये अटीची ओळ टाकली. वेग आला शून्य दशांश शून्य शून्य शून्य एक.

“आला की! औषध साचतंय तर. पुढचा डोस थांबवते.”

बाईंनी कागद ओढला, पण काकांनी तो सोडला नाही. आकडा धन होता खरा, पण शून्याला असा चिकटला होता, की जागा असती तर आणखी खाली गेला असता. मघाचा उणे आकडा पाहिला नसता तर काकांनी मुकाट्यानं सही केली असती. त्यांनी रक्ताचे तीन आकडे पुन्हा पाहिले; तिसराच एकदम वर गेला होता. “अर्धा तास डोस थांबवू नका,” म्हणत ते उठले. लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद होती. गुडघ्यांना शिव्या घालत ते तीन मजले चढले.

“सिस्टर, नऊ नंबरचं तिसरं रक्त कुठून घेतलं?”

“कुठून म्हणजे? हातातूनच!” सिस्टर आधीच कावलेल्या. “शीरच सापडेना हो. सहादा टोचलं, कळवळला बिचारा. मग औषध जातं त्याच नळीतून घेतलं.”

“अहो, त्या नळीत औषध राहिलेलं असतं! तेच मोजलं आम्ही!”

“अडलं की तसंच घेतो आम्ही. इतक्या वर्षांत तुमच्याकडून एकदाही तक्रार आली नाही. आली असती तर केलं असतं का?”

उणे आकड्याच्या रूपानं तक्रार आली होती, दरवेळी आली होती; काकांनीच ती तळघरात दाबून टाकली होती.

दुसऱ्या हातातून नव्यानं रक्त घेतलं, तेव्हा रेषा झकास उतरली. औषध साचणं तर दूरच, उलट ते भराभर निघून जात होतं. डोस थांबवला असता तर ताप त्या माणसाला घेऊन गेला असता. बाईंनी डोस वाढवला आणि “थँक्यू काका” म्हणत राउंडला पळाल्या.

काका खाली आले आणि त्यांनी ती ओळ पुसली. मग जुन्या नोंदी काढून शून्याला चिकटलेले आकडे शोधत बसले. एकेचाळीस निघाले. प्रत्येकापुढे त्यांच्याच अक्षरात ‘ठीक’ लिहिलेलं होतं. त्यांना स्वतःचा भयंकर संताप आला.

साहेबांना द्यायची यादी त्यांनी हातानं लिहिली. तारीख, खाट, वेग, सगळं सुवाच्य. शेवटचा रकाना आखला आणि वर लिहिलं, ‘पुढे काय झालं’. तो एकेचाळीसही ओळींत कोराच राहिला. तळघरात ते कधी कळवलं जात नसे. काकांनी खाली सही केली, यादी नीट घडी न करता हातात धरली आणि पुन्हा जिना चढू लागले.